जुन्या १.२ पेट्रोल हॅचबॅकला टर्बो बसवावा का? (कराड–चिपळूण, कुंभार्ली घाट)

कोयनाकाठचा

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१२ची १.२ लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ही गाडी बरी की ती" याच्यावर जातो. कागदावर ८४ बीएचपी आणि ११३ न्यूटन-मीटर टॉर्क. मी तिसरा मालक. आधीच्या मालकाने बाहेरून सीएनजी किट बसवलं होतं आणि बरीच वर्षं गाडी त्याच्यावरच पळवली. डिकी मोकळी व्हावी म्हणून मी किट काढलं, आरसीवरची नोंदही बदलून घेतली. रनिंग १ लाख ३४ हजार. मागच्या वर्षी १६ इंची अलॉय आणि २०५चे टायर टाकले. त्याआधी कंपनीचे १४ इंची, १६५चे होते.

मी कराडचा, सासुरवाडी चिपळूणला. पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटातून आमचं सारखं येणं-जाणं असतं. परत येताना अख्खा घाट चढायचा. गाडीत आम्ही दोघं, आई-बाबा, मुलगी, आणि डिकीत तांदूळ, नारळ, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. एसी चालू असला की वळणावर दुसऱ्या गिअरला गाडी उचलत नाही, पहिला टाकावा लागतो. मागे एसटी चिकटलेली असते, तेव्हा जीव खालीवर होतो.

गाडी विकायची इच्छा नाही. स्वतःच्या पगारातून घेतलेली ही माझी पहिली गाडी. एका वर्कशॉपने टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) बसवून द्यायचे १ लाख १० हजार सांगितलेत. त्यात डिझेल गाडीचा चालू कंडिशनचा सेकंडहँड टर्बो, पाइप वेल्ड करून केलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करून टर्बोपर्यंत नेणारा), छोटा इंटरकूलर, पायपिंग आणि एक पिगीबॅक कॉम्प्युटर. "इंजिन उघडायची गरज नाही, १३०च्या वर बीएचपी मिळेल, चार दिवसांत गाडी घेऊन जा" असं म्हणाले.

वय २७, पगार बेताचा, पण एवढे पैसे बाजूला काढलेत. करावं का? केलं तर इंजिन किती टिकेल? कुणी प्रत्यक्ष काम केलेलं असेल तर सविस्तर सांगा.

---

पिंपरीचा_टीजेट

एवढ्याच पैशात थोडी भर घालून कंपनीने टर्बो लावलेली जुनी गाडी बघा. माझी लिनिया टी-जेट आहे, रांजणगावात बनलेली. १३६८ सीसी, ११४ पीएस, २०७ न्यूटन-मीटर आणि तेही २२०० आरपीएमला. त्याच १३६८ सीसीचं बिनटर्बो इंजिन ९० पीएस आणि ११५ न्यूटन-मीटर द्यायचं. पॉवरमधला फरक बघू नका, टॉर्कमधला बघा. वरंधा घाटात भरलेली गाडी तिसऱ्यावर निघते. फियाटने आपल्याकडे गाड्या विकणं थांबवलंय, तेव्हा सुटे भाग शोधायला थोडी धावपळ करायची तयारी हवी. ती नको असेल तर पोलो टीएसआय आहे, टर्बो पेट्रोल नेक्सॉन आहे, बलेनो आरएस आहे. सगळ्या सेकंडहँड मिळतात.

---

उद्यमनगर_लेथ

माझा थोरला तुझ्याच वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं इंजिन रिकंडिशनिंगचं काम आहे. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह सीट, हे सगळं. टर्बो बसवणं हा माझा धंदा नाही, पण बसवून झाल्यावर उघडायची वेळ आलेली इंजिनं माझ्या टेबलावर येतात. म्हणून जरा लांबण लावतो, वेळ काढून वाच.

आधी साधा हिशेब. बाहेरच्या हवेचा दाब साधारण १ बार. टर्बोने त्यावर ०.४ बार चढवले की कागदावर सिलिंडरमध्ये ४० टक्के जास्त हवा गेली. ८४ ला १.४ ने गुणलं की ११८ झाले, आणि ते सुद्धा हवा अजिबात तापली नाही असं धरून. हवा दाबली की तापतेच. बाहेर ३५ अंश असताना ०.४ बारला दाबलेली हवा छोट्या टर्बोतून ८० अंशांच्या आसपास बाहेर पडते. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढतो, सगळी नाही. म्हणजे १३०च्या वर जायचं तर ०.६ बार किंवा जास्तच लागणार. आणि हे "इंजिन उघडायची गरज नाही" म्हणत. इथेच माझी मान हलायला लागते.

तुझ्या इंजिनाच्या पिढीतल्या १.२ पेट्रोलचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते, दहा-अकराच्या घरात असतं. बिनटर्बो गाडीतून मायलेज काढायचं तर ते बरोबर आहे. पण त्याच इंजिनात आधीच दाबलेली गरम हवा घातलीस, की पिस्टन वर येईतो मिश्रण इतकं तापतं की स्पार्कने पेटलेली ज्वाळा पोचायच्या आत कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप भडकतं. तेच नॉकिंग. टी-जेटवाल्यांनी दिलेलं उदाहरण चांगलं आहे. त्या टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन कंपनीने ९.८ ठेवलं, आणि मग पंप, इंजेक्टर, क्लच, कॉम्प्युटरचा नकाशा, सगळं त्या दाबाला बेतून बसवलं. कंपनीची टर्बो गाडी नुसता टर्बो लावून झालेली नसते.

गेल्या पावसाळ्यात असंच एक १.२चं इंजिन आलं, बाहेरून टर्बो लावलेलं. तक्रार काय, तर ऑइल पितंय आणि डिपस्टिकच्या नळीतून धूर येतोय. मी आधी चारही प्लग काढून ओळीने मांडले. तीन नंबरच्या प्लगची पांढरी चिनीमाती भिंगाखाली धरली, तर तिच्यावर मिरपुडीसारखे काळे ठिपके आणि त्यात चकाकणारे बारीक मणी. ते मणी म्हणजे पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनिअम. प्लग बघूनच आत काय असणार ते कळलं होतं. पिस्टन बाहेर काढून वरची रिंग नुसती फिरवली, तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली भिंत पेराएवढी तुटून माझ्या तळहातावर पडली. बोअरला उभा ओरखडा, नख अडकेल इतका. मालक सांगत होता, आवाज कधीच आला नाही. घाटात काचा बंद, एसी चालू, गाणी चालू, वर टर्बोची शीळ. त्यात नॉकिंगची बारीक टिकटिक कुणाला ऐकू येणार? आणि ती टिकटिक एका लांब चढावर पुरेशी असते.

आता पेट्रोलचं. हवा ४० टक्के वाढली तर पेट्रोलही तेवढंच वाढायला पाहिजे, उलट दाबाखाली थोडं जास्तच, कारण जादा पेट्रोल आतली उष्णता ओढून घेतं. निवांत चालवताना हवा-पेट्रोलचं प्रमाण वजनाने १४.७ ला १ असतं, टर्बोच्या दाबात ते १२च्या खाली आणावं लागतं. तुझे इंजेक्टर ८४ बीएचपीच्या मापाने निवडलेत. फुल थ्रॉटलला त्यांच्यात फारशी शिल्लक नसते. टाकीतल्या पंपाचंही तसंच. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल नॉकिंगला चांगलं अडवतं हे खरं, पण त्याच्यात ऊर्जा कमी, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. इंजेक्टरवरचा भार आणखी वाढला. त्या १ लाख १० हजारांच्या यादीत इंजेक्टर आहेत का? पंप आहे का? तू लिहिलेलं मी दोनदा वाचलं. नाहीत.

पिगीबॅक म्हणजे मूळ कॉम्प्युटरला खोटी आकडेवारी पुरवणारी डबी. मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर बिनटर्बो गाडीत बाहेरच्या हवेच्या दाबापुरताच मापलेला असतो. दाब त्याच्या वर गेला की सेन्सर तिथेच थांबतो. पुढचं त्याला दिसतच नाही. मग डबी अंदाजाने पेट्रोल वाढवते आणि स्पार्क मागे ओढते. हा अंदाज डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून, प्रत्येक आरपीएमला तपासत बसवावा लागतो. त्यालाच दिवस जातात. चार दिवसांत फॅब्रिकेशन, फिटिंग आणि ट्यूनिंग हे मला पटत नाही.

डिझेलच्या टर्बोबद्दल तर मी हात जोडून सांगतो, नको. डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ८०० अंशांच्या आसपास थांबतो, पेट्रोलचा पूर्ण दाबात ९०० ओलांडून वर जातो. पेट्रोलच्या टर्बोचं टर्बाइन हाउसिंग जास्त निकेलच्या ओतकामात किंवा उष्णता सोसणाऱ्या स्टीलमध्ये करतात ते यासाठीच. शिरोलीच्या फाउंड्रीत कुणालाही विचार, साधं बीड आणि ते ओतकाम यांच्या भावात किती फरक आहे. डिझेलचं हाउसिंग तापून तडकतं. पाइप वेल्ड करून केलेला मॅनिफोल्ड जोडापाशी चिरतो, कारण टर्बोचं वजनही त्याच्यावरच लटकलेलं असतं. त्या चिरेतून निघणारा एक्झॉस्ट वायरिंगवर आणि ब्रेकच्या पाइपवर कुठे जातोय हे बोनेट उघडल्याशिवाय कळत नाही.

ऑइलचं एक सांगतो, कारण त्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, आणि ती ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. ऑइल आत जातं दाबाने, पण बाहेर येतं फक्त स्वतःच्या वजनाने, तेही फेसाळलेलं. म्हणून परतीचा पाइप जाड पाहिजे, सरळ उतरता पाहिजे, कुठे वळसा नको, आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) तो ऑइलच्या पातळीच्या वर जोडायला पाहिजे. त्यासाठी संप उतरवून, भोक पाडून, बॉस (पाइप जोडायचा तुकडा) वेल्ड करावा लागतो. घाईत काम करणारे संप न उतरवता भोक पाडतात आणि ड्रिलचा कीस आत पडतो. तो कीस पुढे ऑइल पंपात जातो. ज्यांचा परतीचा पाइप चुकलेला असतो, त्यांच्या टर्बोच्या सीलमधून ऑइल गळतं, निळा धूर निघतो, आणि मालक टर्बो बदलत बसतो.

आणि तुझ्या घाटाचं. वळणावर गाडी मंदावते, इंजिन १५०० आरपीएमला येतं. तुला ताकद तिथे पाहिजे. तिथे एक्झॉस्टच एवढा कमी असतो की टर्बो फिरून दाब करायला वेळ लागतो. कंपन्या मापाला माप लावलेला छोटा टर्बो वापरून २००० च्या आसपास टॉर्क आणतात. जोडकामाच्या टर्बोला दाब धरायला बहुतेकदा ३००० ओलांडावे लागतात. इंजिन वाचवायला पिस्टन बदलून कॉम्प्रेशन खाली आणलंस, तर १५०० ला गाडी आजच्यापेक्षाही मऊ वाटेल. म्हणजे हायवेवर गाडी जोरात पळेल, आणि कुंभार्लीच्या वळणावर पुन्हा पहिलाच टाकशील.

आता माझं खरं म्हणणं. तुझी गाडी आत्ता ८४ बीएचपी देते का, हे बघ. माझा अंदाज आहे की देत नाही. बरीच वर्षं सीएनजीवर पळालेली आहे. पेट्रोल व्हॉल्व्हच्या सीटला (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कडीला) थोडा ओलावा आणि गारवा देतं, सीएनजी कोरडा असतो. पेट्रोलसाठी बनलेलं हेड सीएनजीवर फार चाललं की सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, क्लिअरन्स (व्हॉल्व्हच्या वर ठेवलेली बारीक फट) संपत जातो आणि इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. रिकाम्या गाडीत सपाटीवर काही जाणवत नाही. पाच माणसं, एसी आणि चढ आला की जाणवतं. तुझं वर्णन अगदी तसंच आहे.

कॉम्प्रेशन टेस्ट करून घे. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टरचं कनेक्शन काढलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चांगली. निरोगी पेट्रोल इंजिन साधारण १२ ते १४ बार दाखवतं, आणि दोन सिलिंडरमधला फरक १ बारच्या आत पाहिजे. एखादा सिलिंडर कमी आला तर प्लगच्या भोकातून त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोज. आकडा चढला तर रिंगा, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह. आकडे इथे लिही.

टायरचंही बघ. १६५/८० आर१४ च्या जागी २०५/५५ आर१६ टाकले असशील, तर घेर दोन टक्के वाढला आणि चाकं जड झाली. जुनी चाकं असतील तर एकदा लावून त्याच घाटातून जाऊन ये.

---

सांगलीची_सर्व्हेअर

मी मोटार विम्याच्या दाव्यांची पाहणी करते. इंजिनाचं वर लिहिलंच आहे, मी कागदाचं लिहिते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या वेळी उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्यात मालकाने नियमाबाहेर बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजीला मान्यताप्राप्त किट, तपासणी, आरसीवर नोंद असा ठरलेला रस्ता आहे, तुम्ही त्यातून गेलाच आहात. वर्कशॉपमध्ये बनवलेल्या टर्बोसाठी तसा रस्ता मी माझ्या कामात पाहिलेला नाही.

पाहणीला गेले की मी बोनेट उघडते. इंटरकूलर आणि वेल्ड केलेला मॅनिफोल्ड लपत नाही, आणि मला तो अहवालात लिहावाच लागतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल म्हणजे दावा अडवायला किंवा कापायला कारण. तुमच्या गाडीत आई-बाबा आणि मुलगी बसतात, म्हणून हे जास्त कळकळीने लिहिते. शिवाय गाडी २०१२ची आहे. २०२७ला पंधरा वर्षं होतील, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागेल. तेव्हा काय दाखवणार?

---

नाशिकचा_ट्रॅकवेडा

लेथवाल्या काकांचं सगळं पटलं. फक्त बाहेरून टर्बो लावताच येत नाही असा कुणाचा समज होऊ नये, म्हणून दोन शब्द.

माझी १.३ लिटरची जुनी हॅचबॅक टर्बोवर आहे, आणि ती फक्त ट्रॅकवर चालते. ट्रेलरवर घालून कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला नेतो. रस्त्यावर नाही. आत फोर्ज्ड पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड, कॉम्प्रेशन ८.५, पेट्रोलसाठी बनलेला टर्बो, मोठे इंजेक्टर, मोठा पंप, मूळ कॉम्प्युटर काढून स्टँडअलोन ईसीयू (स्वतंत्र इंजिन कॉम्प्युटर), जाड रेडिएटर, वेगळा ऑइल कूलर, वाढीव क्लच, पुढे मोठ्या डिस्क. डॅशबोर्डवर हवा-पेट्रोलचं प्रमाण, बूस्ट आणि ऑइलचा दाब, तिन्हींचे काटे. शंभर ऑक्टेनचंच पेट्रोल घालतो. दाब ०.७ बारवर बांधलाय.

मजा विचाराल तर शब्द नाहीत. तिसऱ्या गिअरला दाब भरतो तेव्हा सीट पाठीला ढकलते, ते सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. पण दर ट्रॅक दिवसानंतर ऑइल बदलतो, प्लग काढून बघतो. सगळा खर्च मिळून गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट झाला आहे. वर्कशॉपने सांगितलेल्या आकड्यात माझा ईसीयू आणि ट्यूनिंगच कसंबसं बसलं असतं.

टियागो जेटीपी आठवत असेल. टाटा आणि कोइमतूरच्या जयेमने मिळून २०१८ मध्ये आणलेली. साध्या टियागोच्या ८५ पीएसच्या जागी ११४ पीएसचं १.२ टर्बो इंजिन. कारखान्याच्या हाताने करतानाही त्यांनी आहे त्या इंजिनाला टर्बो चिकटवला नाही. टर्बोसाठी तयार असलेलं इंजिन घातलं, गिअरचं गुणोत्तर बदललं, सस्पेन्शन आणि टायर बदलले. सेकंडहँड मिळाली तर कोयनाकाठच्यांनी जरूर चालवून बघावी.

---

कोयनाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी हे वाचून दाखवलं. सर्व्हेअर ताईंचं वाचून बायकोने तिथल्या तिथे सांगितलं, रस्त्यावरच्या गाडीला टर्बो नाही. मलाही पटलंय. वर्कशॉपला इंजेक्टर आणि पंपाचं विचारलं तर म्हणाले, "लागलं तर बघू." तिथेच विषय संपवला.

काका, एक शंका. टेस्टमध्ये काही निघालं नाही तर? कमी दाबाचा, अगदी ०.२ बारचा टर्बो पेट्रोलच्याच टर्बोतून केला तर धोका किती उरतो?

---

उद्यमनगर_लेथ

०.२ बारला पिस्टनवरचा धोका बराच उतरतो, हे मान्य. पण ऑइलची लाइन, परतीचा पाइप, मॅनिफोल्ड, उष्णतेपासूनचं संरक्षण, ट्यूनिंग, सगळं काम तेवढंच राहतं. कागदावर मिळणार वीस टक्के, ते पण वरच्या आरपीएमला. आणि ताईंनी लिहिलेलं कायद्याचं ०.२ लाही तेवढंच लागू. तुझ्या घाटासाठी खालच्या आरपीएमला टॉर्क पाहिजे असेल तर टर्बो असलेलीच गाडी घे, ही बाजूला ठेवायची असली तर ठेव. पण आधी टेस्ट. टेस्टशिवाय मी पुढचं काही बोलणार नाही.

---

कोयनाकाठचा

काका, टेस्ट झाली. आमच्या इथल्या मिस्त्रींकडे गेज होतं, तुम्ही लिहिलं तशीच केली.

एक नंबर १२.८, दोन १२.६, तीन १०.४, चार ११.३ बार. तीन नंबरमध्ये ऑइल घालून पुन्हा घेतली, १०.६. चारमध्ये घालून ११.५.

जुनी चाकं लावून चिपळूणला जाऊन आलो. फरक आहे, पहिल्या दोन वळणांवर दुसऱ्यावर निघाली. पुढच्या खड्या वळणांवर मात्र तीच गत.

---

उद्यमनगर_लेथ

रिंगा चांगल्या आहेत. ऑइलने आकडा जेमतेम ०.२ हलला, म्हणजे गळती वरून आहे, व्हॉल्व्हमधून. तीन नंबर सगळ्यात वाईट, चार त्याच्या मागे. एक आणि तीनमध्ये २.४ बारचा फरक म्हणजे तुझं एक सिलिंडर चढावर नीट कामच करत नाहीये. चारपैकी एक अर्धवट आणि दुसरं त्याच वाटेवर, मग घाटात काय होणार?

हेड उतरवायचं. तुमच्या मिस्त्रींना सांग, आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स फीलर गेजने मोजून कागदावर लिहून घ्या, मग हेड खोला. तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा क्लिअरन्स शून्याजवळ निघेल असं मला वाटतं. हेड माझ्याकडे पाठव किंवा घेऊनच ये, कराडहून दोन तासांचं काम. सीट किती खाल्ल्यात ते बघून ठरवू. थोडं असेल तर सीट कटिंग करून व्हॉल्व्ह लॅप करू, म्हणजे सीटवर घासून चपखल बसवू. जास्त असेल तर जुन्या सीट काढून नव्या कडक सीट ठोकू, म्हणजे पुढे कधी सीएनजी घातलास तरी टिकतील. गाइडचा खेळ बघू, स्टेम सील नवे टाकू, हेड वाकलंय का ते सरळपट्टी लावून तपासू. शेवटी व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवतो. खाली एक थेंबही झिरपला नाही तरच हेड माझ्या टेबलावरून हलतं. ते तुझ्यासमोर करून दाखवीन.

तिकडे हेड खाली असतानाच कूलंटचे होज आणि थर्मोस्टॅट बघून घ्या. हेड गॅस्केट कंपनीचीच आणा. हेडचे बोल्ट पुन्हा वापरायचे की नवे, ते तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, त्याप्रमाणे करा, आणि आवळताना टॉर्क रेंच वापरा, अंदाजाने नको.

येताना कॅमशाफ्टच्या कॅप आणि व्हॉल्व्हवरच्या टोप्या एका डब्यात ओतून आणू नका. जुन्या पुठ्ठ्याला भोकं पाडा, नंबर घाला आणि जिथली तिथे खोचून आणा. सोमवारी दुकान बंद असतं, मंगळवारी सकाळी दहानंतर कधीही या.